घरच्या टोपात कब्सा: ग्लूटेनचा कणही नसलेली अरबी कोंबडी आणि भात

कब्सा सौदी अरेबियाचा, मच्बूस कुवेत-बहारीन-कतारकडचा आणि मंदी मूळची येमेनच्या हद्रमौत भागातली. तिन्हींचा पाया एकच आहे: मांसाचा रस आणि चरबी भातात उतरली पाहिजे. मंदीचे मांस जमिनीत खणलेल्या तंदुरात शिजते आणि त्याचा रस खालच्या भातावर ठिबकतो. कब्सा आणि मच्बूस मात्र टोपातले पदार्थ. आधी कोंबडी शिजवायची, मग तिच्याच रसात तांदूळ. म्हणून घरी करायला कब्साच धरावा. आखातात नोकरी करून आलेल्या माणसांमुळे गोव्यातल्या कित्येक घरांत ही चव ओळखीची आहे, आणि लागणारे जवळजवळ सगळे सामान म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात मिळते.

ज्यांना सिलिअ‍ॅक या ग्लूटेनने आतड्याला इजा होणाऱ्या आजारामुळे गहू वर्ज्य आहे त्यांच्यासाठी हा पदार्थ फार कामाचा. ग्लूटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतले प्रथिन. कब्साच्या मूळ घटकांत यांपैकी एकही धान्य नाही, त्यामुळे बदली पीठ, बदली पाव असे काही शोधत बसावे लागत नाही. काळजी घ्यायची ती एवढीच की बाहेरून ग्लूटेन आत येऊ नये. सिलिअ‍ॅकमध्ये चिमूटभर पीठही आतड्याला इजा करते आणि उकळून किंवा भाजून ग्लूटेन नाहीसे होत नाही. म्हणून आधी ते शिरते कुठून ते पाहू.

ग्लूटेन कुठून शिरते

पहिली जागा म्हणजे तयार मसाला. कब्सा मसाला किंवा बहारात या नावाच्या पाकिटांत कधी कधी पीठ किंवा स्टार्च भर म्हणून असते. पाकिटावरची घटकांची यादी आणि तिच्या खालची अ‍ॅलर्जीची ओळ वाचल्याशिवाय घेऊ नका. भारतात ‘ग्लूटेनमुक्त’ असे छापायचे असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असून चालत नाही. सुटा, दळलेला मसाला तर नकोच. ज्या गिरणीत गहू दळतात तिथे दळलेले धणे-जिरेही नकोत. अख्खे मसाले आणून घरी वाटणे हाच भरवशाचा मार्ग, आणि चवही त्यातच आहे.

दुसरी, चिकन क्यूब. आखाती पाककृतींत तो सर्रास घालतात, पण अनेक क्यूबमध्ये गव्हाचा अंश असतो. हाडांसकट कोंबडी वापरली तर त्याची गरजच उरत नाही.

तिसरी जागा पटकन लक्षात येत नाही: तळणीचे तेल. आपल्याकडे मासे रवा लावून तळतात, आणि गाळून ठेवलेले तेच तेल दुसऱ्या दिवशी कांदा परतायला घेतात. गाळणीतून रव्याचा बारीक चुरा खाली उतरतोच. कब्साला बाटलीतले नवे तेल किंवा तूप घ्या.

हिंग या पदार्थात लागत नाही, पण सवयीने घालू नका. आपल्याकडचा डबीतला हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मिसळलेला असतो. पाकिटातल्या तयार तळलेल्या कांद्यालाही पीठ चोळलेले असू शकते. अरबी घरांत काही वेळा भातात तळलेल्या शेवया घालतात, त्या गव्हाच्या. पाककृतीत ‘शरिया’ हा शब्द दिसला की त्या शेवया समजा आणि घालूच नका. फ्रीकेह, बुलगूर आणि कुसकुस हे तिन्ही गहूच.

भांड्यांत लाकडी उलथणे, पीठ चाळायची चाळणी आणि मिक्सरच्या भांड्याचे रबर यांच्या फटींत पीठ अडकून राहते. उलथणे आणि चाळणी वेगळी ठेवा, रबर काढून घासा. चपातीच्या तव्यावर कोंबडी भाजू नका. तोच तवा टोपाखाली ठेवायला मात्र हरकत नाही, कारण अन्न त्याला लागत नाही. तरी आधी पुसून घ्या.

आणि दम देताना टोपाचे झाकण कणकेने बंद करायची पद्धत इथे साफ बंद. त्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, नाहीतर तांदळाच्या पिठाचा गोळा.

सामान

खालचे प्रमाण ५–६ जणांचे आहे. वेळ साधारण पावणेदोन तास.

कोंबडी १.२ किलो, हाडांसकट, ८ मोठे तुकडे. शक्य असेल तर कातडीसकट घ्या. दुकानदार विचारल्याशिवाय कातडी सोलून देतो, म्हणून कापायच्या आधीच सांगावे लागते. भाताला चव आणि चकाकी देते ती या कातडीतली चरबी. कातडी नसेल तर तूप २ चमचे वाढवा. आधीच मसाला लावलेली गोठवलेली कोंबडी घेऊ नका, त्या लेपात पीठ असू शकते.

जुना बासमती ५०० ग्रॅम, म्हणजे मापाने साधारण ६०० मिली. कांदे ३ मध्यम, बारीक चिरून. टोमॅटो २, किसून. टोमॅटो पेस्ट २ मोठे चमचे. लसूण ६–७ पाकळ्या आणि आले १ इंच, ठेचून. हिरव्या मिरच्या २, उभी चीर देऊन. तेल ३ मोठे चमचे, तूप २ मोठे चमचे. तमालपत्र २, दालचिनीचा २ इंच तुकडा १, हिरवी वेलची ४. सुके काळे लिंबू २. काजू मूठभर, बेदाणे २ मोठे चमचे. केशर असेल तर चिमूटभर, २ चमचे कोमट पाण्यात भिजवून. मीठ एकूण १८ ते २० ग्रॅम. बारीक मिठाचे हे सपाट ३ लहान चमचे होतात. आगरातले जाडे मीठ वापरत असाल तर चमच्यावर विसंबू नका, वजन करा, कारण जाड्या खड्यांमध्ये हवा राहते आणि त्याच चमच्यात मीठ कमी बसते.

मसाल्यासाठी: धणे १ मोठा चमचा, जिरे २ लहान चमचे, काळी मिरी २ लहान चमचे, हिरवी वेलची ८, लवंगा ६, दालचिनी २ इंच, पाव जायफळ, सुंठ अर्धा लहान चमचा, हळद अर्धा लहान चमचा, काश्मिरी मिरची पूड १ लहान चमचा. मिरचीचे काम इथे रंगाचे आहे, तिखटपणा मिरीचा. हळद आणि मिरची पूडही शक्यतो बंद पाकिटातली, लेबल वाचून घेतलेली.

धणे-जिरे ताटात पसरून निवडा. सुट्या मालात गव्हाचा एखादा दाणा सापडतो, आणि तो नेमका वाटणात जातो. हळद, सुंठ, मिरची पूड आणि जायफळ बाजूला ठेवून बाकीचे मसाले कोरड्या कढईत मंद आचेवर २ मिनिटे फक्त गरम करा. रंग बदलेपर्यंत भाजू नका. गोव्याच्या शागुतीला मसाला जसा खरपूस भाजतात तसा इथे भाजला, तर कब्साची गोडसर वेलची-दालचिनीची ओळख जाते आणि भात काळपट होतो. निवल्यावर वाटा, जायफळ किसून घाला, बाकीच्या पुडी मिसळा. हा साधारण ३ मोठे चमचे होतो, लागतो २. उरलेला घट्ट झाकणाच्या बाटलीत महिनाभर चांगला राहतो. पावसाळ्यात मात्र लागेल तेवढाच करा, दमट हवेत तो गोळा होतो आणि वास जातो.

काळे लिंबू

कब्साला आणि त्याहून जास्त मच्बूसला जी खोल, किंचित कडवट आंबट चव असते ती लूमीची, म्हणजे मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवलेल्या लिंबाची. ओमानची लूमी प्रसिद्ध आहे. मस्कत-दुबईहून येणाऱ्याला सांगितले तर पाव किलो आणता येते, आणि तेवढी वर्षभर पुरते.

घरी करायची असेल तर मार्च-एप्रिलमध्ये करा. पातळ सालीची लहान लिंबे घ्या, लिटरभर पाण्यात २ मोठे चमचे मीठ घालून ४–५ मिनिटे उकळा आणि कोरडी करून कडक उन्हात जाळीवर ठेवा. किनाऱ्याची हवा दमट असल्यामुळे वाळायला ३–४ आठवडे लागतात. रात्री घरात घ्यायलाच हवीत, नाहीतर दिवसाचे वाळणे रात्री फुकट जाते. लिंबू हलके झाले, टकटक केल्यावर पोकळ वाजले की तयार. आतला गर तपकिरी-काळा दिसणे बरोबर आहे. पांढरी किंवा हिरवी लव दिसली तर टाकून द्या.

वापरताना प्रत्येक लिंबाला सुरीने दोन छिद्रे पाडा आणि अख्खेच रसात सोडा. फोडून घातले तर बिया सुटतात आणि पूर्ण टोप कडू होतो. पूड करायची असेल तर बिया काढूनच.

लूमी नसेल तर? अर्ध्या लिंबाची किसलेली साल रसात आणि त्याच लिंबाचा रस शेवटी भातावर, ही बदली सर्वांत जवळची. कोकम घालून बघावेसे गोव्यात कोणालाही वाटेल. त्याने आंबटपणा येतो, पण कडवट-धुरकट बाजू येत नाही आणि रस लालसर-जांभळा होतो. घालायचेच असेल तर २ सोले, त्याहून जास्त नाही.

कोंबडी आणि रस

तांदूळ दोन-तीन पाण्यांत हलक्या हाताने धुऊन ३० मिनिटे भिजवा. भिजवायला घालायची वेळ महत्त्वाची आहे: कोंबडी टोपात शिजायला लागली की. आधीपासून दोन तास भिजलेला बासमती शिजताना तुटतो.

कोंबडी कागदाने टिपून कोरडी करा. जाड बुडाच्या टोपात तेल तापवून तुकडे कातडीच्या बाजूने ठेवा आणि ४–५ मिनिटे हलवू नका. चांगला रंग आला की तुकडा आपोआप सुटतो. ओढून काढावा लागत असेल तर अजून वेळ आहे. एकदम सगळे तुकडे घातले तर पाणी सुटून कोंबडी तळण्याऐवजी वाफवते, म्हणून दोन खेपा करा.

कोंबडी काढून त्याच तेलात कांदा घाला. मध्यम आचेवर १२–१५ मिनिटे, कडा तपकिरी होईपर्यंत. भाताचा रंग इथेच ठरतो. अर्धवट परतलेल्या कांद्याचा कब्सा फिकट आणि गोडमिट्ट लागतो. मग अख्खे मसाले, आले-लसूण, मिरच्या आणि दीड मोठा चमचा वाटलेला मसाला. अर्धा मिनिट हलवून लगेच किसलेला टोमॅटो आणि १ मोठा चमचा टोमॅटो पेस्ट. तेल कडेला दिसेपर्यंत ६–७ मिनिटे परता. कच्च्या टोमॅटोचा आंबटपणा नंतर जात नाही.

आता कोंबडी परत टोपात, लूमी, १४ ग्रॅम मीठ आणि १ लिटर उकळते पाणी. उकळी आली की आच मंद करा, झाकण ठेवा. छातीचे तुकडे २० मिनिटांनी काढा, तंगडीचे २५ ते ३० मिनिटांनी. सगळे एकाच वेळी काढले तर छातीचे मांस चोथट होते. गावठी कोंबडी असेल तर तास-सव्वा तास धरा आणि पाणी दीड लिटर घ्या. तिचा रस इतका चांगला होतो की वेळ सत्कारणी लागतो, मात्र तांदूळ त्या हिशेबाने उशिरा भिजवा.

रस मोजणे

कब्सा बिघडतो तो बहुतेक इथे. पाककृतीत ‘तांदळाच्या दीडपट पाणी’ लिहिलेले असते आणि लोक सुरुवातीलाच ते मोजून घालतात. पण मधल्या अर्ध्या तासात कोंबडी पाणी सोडते, टोमॅटो सोडतो, काही वाफ होऊन जाते. शेवटी टोपात किती उरले ते अंदाजाने कळत नाही.

म्हणून रस गाळून मापात घ्या. गाळणी पीठ चाळायची नको, वेगळी हवी. ५०० ग्रॅम भिजवलेल्या साध्या बासमतीला ८५० मिली रस. तांदूळ नवा असेल तर ८०० मिली. सेला बासमती घेतलात तर तो किमान तासभर भिजवा आणि रस १ लिटर ठेवा. सेला उकडून वाळवलेला असतो, त्याचा दाणा मोडत नाही, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला तो सोपा. रस कमी पडला तर उकळते पाणी घाला, जास्त असेल तर बाजूला काढून ठेवा, पुढे लागेल.

गोव्याचा उकडा तांदूळ यात घालू नका. तो शिजायला कितीतरी जास्त पाणी आणि वेळ घेतो, तोवर मसाल्याचा वास उडून जातो, आणि त्याची स्वतःची चव इतकी ठाम आहे की वेलची-केशर तिच्यापुढे टिकत नाहीत. कोरगुट या गोव्यातल्या तांदळाचेही तेच.

गाळलेला कांद्याचा लगदा टोपात परत टाका, मोजलेला रस ओता आणि चाखा. रस प्यायला जरा खारट लागला पाहिजे, कारण तांदळात अजून मीठ नाही. उरलेले मीठ त्या हिशेबाने घाला. लूमीही इथेच चाखून ठरवा: आंबटपणा पुरेसा उतरला असेल तर काढा, नसेल तर राहू द्या.

भात आणि भाजणे

रस खळखळून उकळला की तांदूळ पूर्ण निथळून घाला. भिजवणीचे पाणी बरोबर आले तर मोजणे वाया गेले. एकदाच, तळापासून हलवा. झाकण न ठेवता मोठ्या आचेवर ५–६ मिनिटे, तांदळाच्या पातळीपर्यंत रस उतरून वर छोटी छिद्रे दिसेपर्यंत. मग वरून केशराचे पाणी, फॉइल, घट्ट झाकण. टोपाखाली तापलेला तवा सरकवा, आच सर्वांत मंद. १२ मिनिटे. सेला असेल तर १८. गॅस बंद केल्यावर १० मिनिटे झाकण उघडू नका, वरच्या दाण्यांना शेवटची वाफ याच वेळात मिळते.

तोवर कोंबडी. उरलेला अर्धा मोठा चमचा मसाला, १ मोठा चमचा टोमॅटो पेस्ट, १ मोठा चमचा तूप आणि २ चमचे रस एकत्र करून तुकड्यांना लावा. ओव्हन २२० अंश सेल्सिअसला आधी तापवून वरच्या खणात १२–१५ मिनिटे. एअर फ्रायर असेल तर २०० अंशांवर ८–१० मिनिटे. दोन्ही नसले तर जाड कढईत थोड्या तुपावर कातडीची बाजू खाली ठेवून ३–४ मिनिटे. कोंबडी आधीच शिजलेली आहे, इथे फक्त रंग आणि कड हवी. थर्मामीटर असेल तर हाडाजवळ ७४ अंश दाखवायला हवे.

काजू तुपात सोनेरी करा, काढा, मग बेदाणे २० सेकंद. फुगले की लगेच बाहेर. दोन्ही एकत्र तळले तर काजू होईतो बेदाणे करपतात.

मंदीसारखा धूर हवा असेल तर करवंटीचा लालबुंद निखारा छोट्या वाटीत ठेवून भातावर बसवा, त्यावर अर्धा चमचा तूप सोडा आणि झाकण लावा. ४ मिनिटे पुरे. जास्त ठेवला तर भात काजळीसारखा लागतो.

काही बिघडलेच तर

वरचा दाणा कच्चा आणि रस संपलेला: बाजूला ठेवलेला रस गरम करून ४ मोठे चमचे शिंपडा, पुन्हा फॉइल, ५ मिनिटे मंद आच. फॉइलऐवजी ओले फडके वापरत असाल तर चपात्या गुंडाळायचे फडके नको.

भात ओला झाला: हलवू नका. झाकण काढून ३–४ मिनिटे मंद आचेवर ठेवा, मग काट्याने मोकळा करून पसरट ताटात काढा.

बुडाला लागले: वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात घ्या, बूड खरवडू नका. कांद्याचा लगदा तळाशी बसतो आणि टोमॅटोतल्या साखरेमुळे लवकर करपतो, म्हणून पातळ बुडाच्या टोपाखाली तवा लागतोच.

कडूपणा आला: लूमीच्या बिया, नाहीतर करपलेला लसूण किंवा मसाला. रस गाळताना लक्षात आले तर लूमी काढून टाका आणि एक बटाटा घालण्यापेक्षा थोडे तूप आणि बेदाणे वाढवा. बटाट्याने कडूपणा जात नाही.

दक्कूस आणि वाढणे

कब्साबरोबर दक्कूस, म्हणजे टोमॅटो-लसणीची चटणी, हवाच, त्याशिवाय भात थोडा एकसुरी लागतो. ४ टोमॅटो किसून घ्या. १ मोठा चमचा तेलात ५ ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या वास येईपर्यंत परता, टोमॅटो, ठेचलेल्या २ मिरच्या आणि अर्धा लहान चमचा मीठ घालून १५ मिनिटे आटवा. शेवटी लिंबू आणि कोथिंबीर. सोबत दही आणि काकडी-कांद्याची कोशिंबीर. कोशिंबिरीत माडाचा शिर्को (व्हिनेगर) बिनधास्त घाला. मॉल्ट व्हिनेगर नको, ते जवापासून होते.

अरबी पद्धतीत मोठ्या ताटात खाली भात, वर कोंबडी, त्यावर काजू-बेदाणे, आणि सगळे एकाच ताटातून जेवतात. घरात कोणी सिलिअ‍ॅक असेल तर त्यांचे ताट आधी वाढून बाजूला ठेवा. गोव्यात टेबलावर पाव किंवा पोई असतेच. ज्या हाताने पोई मोडली तोच हात दह्याच्या वाटीत किंवा भाताच्या चमच्याला लागतो, आणि आतापर्यंत घेतलेली सगळी काळजी तिथे वाया जाते. दही आणि दक्कूसही वेगळ्या वाटीत, वेगळ्या चमच्याने.

उरलेला भात टोपात झाकून ओट्यावर ठेवू नका. शिजलेल्या भातातले काही जिवाणू उष्णतेतही बीजरूपाने टिकतात आणि आपल्या दमट उकाड्यात भराभर वाढतात. पसरट डब्यात काढून २ तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा. ग्लूटेनमुक्त डबा फ्रिजच्या वरच्या फळीवर ठेवा, म्हणजे पावाचा चुरा त्यात पडणार नाही. गरम करताना लागेल तेवढाच काढून घ्या, २ चमचे पाणी शिंपडा आणि झाकण ठेवून पूर्ण वाफ येईपर्यंत तापवा.